राजघाट, रोगाची साथ आणि आपली साक्ष



"मंडळीने आत्म्याचे पाहावे, शरीराचे डॉक्टर पाहतील. उपासनेत रोगराईच्या सूचना कशाला?" कोरोनाच्या काळात हा प्रश्न पुष्कळ मंडळ्यांतून विचारला गेला आणि आजही विचारला जातो. विचारणारे भक्तिमान लोक असतात. उपासनेचा वेळ प्रभूचा आहे, तो इतर गोष्टींत जाऊ नये, ही त्यांची तळमळ खरी आहे. तरीही आम्हा स्वयंसेवकांचे मत वेगळे आहे. साथीच्या दिवसांत खरी माहिती घरोघर पोहोचवणे आणि खोटी माहिती आपल्यापाशी थांबवणे हे मंडळीचेच काम आहे, असे आम्हांला वाटते. ते का, हे पवित्र शास्त्राच्या आणि आपल्या मुलखात घडून गेलेल्या गोष्टींच्या आधाराने मांडतो.

बुरहानपूरच्या राजघाटापासून सुरुवात करू. शाही किल्ल्याच्या पायथ्याशी तापीच्या काठावर हा घाट आहे. पलीकडे जैनाबाद. घाटावर मराठी, निमाडी, हिंदी आणि उर्दू अशा चारही बोली कानांवर पडतात. तापी बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहत जाऊन सुरतेजवळ समुद्राला मिळते. राजघाटावर उभ्या असलेल्या माणसाला वरच्या अंगाला किती पाऊस झाला हे दिसत नाही. पाणी चढणार की नाही हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. सांगणारा खरा असेल तर माणूस वेळेत पायऱ्या चढून वर येतो. सांगणारा खोटा असेल तर तो एकतर बुडतो, नाहीतर विनाकारण घरदार सोडून पळतो. साथीच्या रोगाचेही असेच आहे. जंतू कोणालाच डोळ्यांनी दिसत नाही. आपण सगळे कोणाच्या तरी सांगण्यावरच वागत असतो. म्हणून 'कोणाचे ऐकावे' हा प्रश्न औषधाइतकाच महत्त्वाचा आहे.

याच तापीच्या खालच्या टोकाला, सुरतेत, सप्टेंबर १९९४ मध्ये काय घडले ते आपल्या भागातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्या पावसाळ्यात तापीला पूर आला होता, वस्त्यांत पाणी शिरले होते, कचरा कुजत होता. थोड्याच दिवसांत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली. त्याआधी आपल्या महाराष्ट्रात बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठीच्या प्लेगचे रोगी आढळले होतेच. सुरतेत रोगापेक्षा बातमी वेगाने पसरली. पिण्याच्या पाण्यात विष कालवले आहे अशी अफवा उठली. मेलेल्यांचे आकडे शेकड्यांनी सांगितले जाऊ लागले. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून संपल्या. कित्येक खाजगी डॉक्टर दवाखाने बंद करून निघून गेले. आणि काही दिवसांतच लाखो माणसे शहर सोडून गेली. सुरतेच्या मागांवर आणि कारखान्यांत खानदेशातले हजारो मराठी मजूर काम करत होते. तेही भरभरून वाहणाऱ्या गाड्यांनी आपापल्या गावी परतले. शेवटी मृत्यूंचा आकडा पन्नाशीच्या आसपास निघाला. एकेक जीव मोलाचा आहे, त्यामुळे हा आकडा लहान म्हणता येत नाही. पण ज्या आकड्याच्या भीतीने शहर ओस पडले, तो आकडा हा नव्हता. रोग खरोखर अधिक पसरवणारा असता, तर गर्दीच्या डब्यांत कोंबून बसलेल्या त्या माणसांनीच तो गावोगाव नेला असता.

यात दोष कोणाचा? घाबरलेल्या मजुराचा मुळीच नाही. त्याला वेळेवर, त्याच्या भाषेत, त्याच्या ओळखीच्या माणसाने काही सांगितलेच नव्हते. खरी माहिती जिथे पोहोचत नाही, तिथली जागा रिकामी राहत नसते. अफवा ती जागा घेते.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. लेवीयच्या तेराव्या अध्यायावर आपल्याकडे क्वचितच प्रवचन होते. कातडीवरचे चट्टे, पांढरे केस, कपड्यांवरची बुरशी, हे सगळे वाचताना आपण पाने पुढे उलटतो. पण साथीनंतर तो अध्याय पुन्हा वाचावा अशी आमची विनंती आहे. कोणाच्या अंगावर संशयास्पद डाग उठला, तर त्याला याजकाकडे न्यायचे. याजकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे. खात्री होत नसेल तर त्या माणसाला सात दिवस वेगळे ठेवायचे आणि सातव्या दिवशी पुन्हा पाहायचे. तरीही निश्चित होत नसेल तर आणखी सात दिवस थांबायचे. डाग पसरला नसेल तर तो शुद्ध आहे असे जाहीर करायचे.

यात चार गोष्टी दिसतात. पहिली, ऐकीव बोलण्यावर निकाल नाही, प्रत्यक्ष तपासणी आहे. दुसरी, घाई नाही. 'अजून कळत नाही, सात दिवस थांबा' असे म्हणण्याची मुभा खुद्द देवाच्या नियमशास्त्राने दिली आहे. तिसरी, 'अशुद्ध' म्हणणाऱ्यावरच 'शुद्ध' म्हणण्याचीही जबाबदारी आहे. एकदा शिक्का मारला आणि विसरून गेले, असे चालत नाही. आणि चौथी, हे काम देवाने याजकावर सोपवले, म्हणजे उपासना चालवणाऱ्यावर. जो वेदीपाशी सेवा करतो तोच रोगाविषयी खरे काय ते लोकांना सांगतो. मग 'मंडळीचा आणि रोगराईचा काय संबंध' असे आपण कसे म्हणणार?

पुढच्याच अध्यायात आणखी एक बारीक गोष्ट आहे. एखाद्या घराच्या भिंतीत चट्टा दिसला, तर याजक तपासायला येण्याआधी घरातले सामान बाहेर काढून ठेवायला सांगितले आहे, म्हणजे घराबरोबर सामानही अशुद्ध ठरून त्या कुटुंबाचे नुकसान होऊ नये. देवाने रोगाचा विचार केला आणि त्या घरच्या भांड्याकुंड्यांचाही केला. रोग कळवला तर आपले सर्वस्व जाईल असे ज्याला वाटते तो रोग लपवतो. माहिती वरून खाली येते तशी ती खालून वरही जावी लागते, आणि ती वर जाण्यासाठी लोकांचा विश्वास लागतो.

हा विश्वास तुटला की काय होते, ते १८९७ साली पुण्याने पाहिले. प्लेगच्या बंदोबस्तासाठी रँड या अधिकाऱ्याच्या हाताखाली गोऱ्या शिपायांनी घरांच्या झडत्या घेतल्या. माणसे बळाने इस्पितळांत आणि सेग्रिगेशन कॅम्पांत नेली, चीजवस्तू जाळल्या. हेतू साथ आटोक्यात आणण्याचा होता. पण लोकांना समजावून सांगण्याची पद्धत नव्हती आणि लोकांचे ऐकून घेण्याची तर नव्हतीच. परिणाम असा झाला की लोक आजारी माणूस लपवू लागले. जी माहिती सरकारला सर्वांत जास्त हवी होती तीच त्याला मिळेनाशी झाली. त्याच वर्षी २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हे सर्वांना ठाऊक आहे.

त्या काळातल्या दोन व्यक्तींकडे आम्हांला तुमचे लक्ष वेधायचे आहे. एक, आपल्या पंडिता रमाबाई. प्लेगच्या इस्पितळात आणि कॅम्पात स्त्रियांना जी वागणूक मिळत होती तिच्याविषयी त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती पत्रात स्वतःच्या नावानिशी लिहिले. सरकारला ते रुचले नाही आणि गव्हर्नरने त्यांचे म्हणणे फेटाळले. रमाबाई ख्रिस्ती होत्या. राज्यकर्तेही स्वतःला ख्रिस्ती म्हणवत. म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. आपल्या आश्रमातल्या मुलींच्या बाबतीत जे कळले ते त्यांनी मांडले आणि त्याची जबाबदारी घेतली.

दुसरे, गोपाळ कृष्ण गोखले. ते तेव्हा विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी शिपायांवर स्त्रियांच्या अब्रूविषयी अतिशय गंभीर आरोप तिथल्या वृत्तपत्रात केला. परत आल्यावर तो आरोप पुराव्यानिशी सिद्ध करता येईना. तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली. त्यासाठी स्वकीयांनी त्यांना पुष्कळ बोल लावले. पुण्यात जुलूम झाला नाही असा याचा अर्थ नव्हे. जुलूम झालाच होता. पण जे सिद्ध करता येत नाही ते गंभीर आरोपाच्या रूपाने बोलले, की खऱ्या तक्रारींचीही धार जाते. गोखल्यांची प्रामाणिकता त्या माफीत दिसते. आज रोज शेकडो खोटे संदेश फिरतात. 'मी परवा पाठवलेले खरे नव्हते' असे किती जण पुन्हा कळवतात?

त्याच वर्षीची एक गोष्ट मुंबईची आहे. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. दुसऱ्याला सांगण्यापूर्वी स्वतःवर घेणे ही त्याची साक्ष होती. पुढे १९०२ साली पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एका बाटलीतल्या लशीतून धनुर्वात होऊन १९ माणसे दगावली. ठपका हाफकिनवर आला. तो निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडले. संशय काही दिवसांत पसरतो आणि निरसनाला पाच वर्षे लागतात, हे तेव्हापासून चालत आले आहे.

आता आपल्या पिढीच्या साथीकडे येऊ. १५ फेब्रुवारी २०२० रोजी, भारतात टाळेबंदी लागण्याच्या कितीतरी आधी, जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी इशारा दिला होता की जग केवळ रोगाच्या साथीशी लढत नाही, माहितीच्याही साथीशी लढत आहे. ते शब्द आपल्याकडे लवकरच खरे ठरले. कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो या अफवेने महाराष्ट्रातले कुक्कुटपालन करणारे शेतकरी रस्त्यावर आले. कागदावरून जंतू येतो या भीतीने मुंबई-पुण्याकडे घरोघरी येणारे वर्तमानपत्र थांबले. बुरहानपूर जिल्ह्यातल्या नेपानगरला देशातला पहिला वृत्तपत्र-कागदाचा कारखाना उभा राहिला, त्या जिल्ह्यातल्या लोकांना याचे विशेष वाटावे. ज्यात निदान संपादकाचे नाव आणि पत्ता छापलेला असतो असा कागद दाराबाहेर राहिला, आणि ज्याला ना नाव ना पत्ता असा संदेश फोनमधून थेट उशाशी आला.

यापुढे घडले ते अधिक दुःखाचे. १ एप्रिल २०२० रोजी इंदूरच्या टाटपट्टी बाखल भागात तपासणीसाठी गेलेल्या आरोग्य पथकावर दगडफेक झाली. धडधाकट माणसांना पकडून नेतात आणि रोगाची सुई टोचतात, अशी अफवा त्या वस्तीत फिरत होती. त्या पथकातल्या महिला डॉक्टर लगेच पुन्हा कामाला उभ्या राहिल्या, ही त्यातली आशेची गोष्ट. १६ एप्रिलच्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावी दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक यांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा त्या भागात पसरली होती. दिल्लीच्या तबलिगी मेळाव्याची बातमी आली आणि देशभर गल्लोगल्लीच्या मुसलमान भाजीवाल्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या मेळाव्याला आलेल्या परदेशी लोकांवरचे गुन्हे रद्द केले, आणि त्यांना बळीचा बकरा करण्यात आले व प्रसारमाध्यमांनी त्यांच्याविरुद्ध अपप्रचार केला, असे स्पष्ट म्हटले. पण तोवर चार-साडेचार महिने उलटून गेले होते. खोट्या वृत्ताचा प्रसार करू नको, दुष्टाला साथ देऊ नको, ही आज्ञा निर्गमच्या तेविसाव्या अध्यायाच्या अगदी पहिल्या वचनात आहे, आणि लगेच दुसऱ्या वचनात वाईट करण्यासाठी बहुसंख्यांच्या मागे जाऊ नको असे सांगितले आहे. ही दोन वचने शेजारीशेजारी का आहेत, ते २०२० साली कळले. बुरहानपूरसारख्या गावात, जिथे मागावर आणि बाजारात सर्व धर्मांची माणसे खांद्याला खांदा लावून काम करतात, तिथे शेजाऱ्याविरुद्धची खोटी साक्ष ही सहज क्षमा करण्याजोगी चूक नाही.

सीमेवरच्या मराठी माणसांची एक निराळी अडचणही होती. आपण पाहतो मराठी वाहिन्या, त्या मुंबईच्या. त्यांत नियम सांगितले जातात महाराष्ट्राचे. पण बुरहानपूरला लागू होतात ते भोपाळहून आलेले आणि जिल्हाधिकाऱ्यांनी काढलेले आदेश. नातेवाईक मात्र रावेर, भुसावळ, जळगावला. मार्च २०२१ मध्ये मध्य प्रदेश सरकारने महाराष्ट्राशी होणारी बसवाहतूक बंद केली, तेव्हा एका बाजूची बातमी ऐकून प्रवासाला निघालेल्या माणसाची काय गत झाली असेल ते सांगायला नको. बातमी खरी असूनही ती आपल्या गावासाठी खरी नसते, असेही होते. म्हणून कोणतीही सूचना ऐकताना कोणी काढली, कोणत्या तारखेची आणि कोणत्या जिल्ह्यासाठी, हे तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत.

काही बंधू म्हणतात, "सरकार आणि तज्ज्ञही चुकलेच की. मग त्यांचेच का ऐकायचे?" हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्ये ठामपणे सांगितले होते की हा रोग हवेतून पसरत नाही. पुढे तिला ते बदलावे लागले. सुरुवातीला सर्वसामान्यांना मास्कची गरज नाही म्हटले गेले, जून २०२० मध्ये सल्ला बदलला. आपण महिनोन्‌महिने भाज्या धुतल्या, दाराच्या कड्या पुसल्या, आणि बंद खोलीतली कोंदट हवा मात्र तशीच राहिली. तज्ज्ञ चुकतात, हे खरे. पण दोन प्रकारचे सांगणारे असतात. एक तपासतो, चुकतो, पुन्हा तपासतो आणि बदल उघडपणे सांगतो. दुसरा कधीच काही तपासत नाही, म्हणून त्याला कधी काही बदलावे लागत नाही. सातव्या दिवशी पुन्हा पाहणारा याजक पहिल्या प्रकारचा होता. आपण पहिल्याचे ऐकावे, तेही डोळे उघडे ठेवून. बिरुयातले लोक पौलाचे बोलणे आनंदाने ऐकत आणि तरीही ते खरे आहे की नाही हे रोज शास्त्रात शोधून पाहत, आणि त्याबद्दल त्यांची स्तुतीच केली आहे (प्रेषितांची कृत्ये १७:११). पौलाला तपासून पाहणे जर पाप नव्हते, तर फोनवर आलेला संदेश तपासणे हा अविश्वास कसा ठरेल?

आता थोडे घरातले बोलू. त्या दिवसांत ९१ वे स्तोत्र घराघरांत वाचले गेले. ते वाचून कित्येकांना रात्र काढण्याचे बळ मिळाले, त्याबद्दल देवाची स्तुती असो. पण त्याच स्तोत्राचा ताईतही केला गेला. इतक्या वेळा म्हणा, इतक्या जणांना पाठवा, दारावर लावा, म्हणजे मरी तुमच्या तंबूजवळ येणार नाही. बंधुभगिनींनो, मत्तयाचा चौथा अध्याय काढून पाहा. मंदिराच्या शिखरावर उभे राहून सैतानाने प्रभूपुढे नेमके हेच स्तोत्र म्हटले. देवदूत तुला झेलतील, उडी टाक. वचन खरे होते, पण ते वापरण्याची रीत खोटी होती. प्रभूने उडी टाकली नाही. देवाची परीक्षा पाहायची नसते, असे उत्तर त्याने दिले. ज्या प्रभूला देवबापाच्या राखणीची पूर्ण खात्री होती त्यानेच उडी टाकली नाही, तर मास्क लावणे, खिडक्या उघडणे, लस घेणे हे विश्वासाच्या उणेपणाचे लक्षण कसे म्हणता येईल?

गाण्याविषयीही असेच. आपली मंडळी गाणारी मंडळी आहे. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एक गायकवृंद सरावासाठी चर्चच्या जागेत जमला. ६१ जण हजर होते. त्यांतल्या ५३ जणांना रोग झाला किंवा झाल्याचे मानले गेले, आणि दोघे दगावले. त्यांना दोष देता येणार नाही, कारण बंद जागेत गाण्यातून रोग इतका पसरतो हे तेव्हा कोणालाच नीट ठाऊक नव्हते. पण एप्रिल २०२१ मध्ये, सारे काही ठाऊक झाल्यानंतर, केरळात मुन्नार येथे पाळकांचे मोठे शिबिर भरले. त्यानंतर अनेक पाळक आजारी पडले आणि काही प्रभूकडे गेले. पहिल्या ठिकाणी माहिती नव्हती. दुसऱ्या ठिकाणी माहिती होती, पण तिला मान मिळाला नाही. यहेज्केलच्या तेहतिसाव्या अध्यायातला पहारेकरी तलवार येताना पाहूनही शिंग फुंकत नसेल, तर रक्ताचा झाडा त्याच्याकडून घेतला जातो. पहारेकऱ्याला तलवार थांबवायला सांगितलेले नाही. त्याने फक्त वेळेवर आणि खरे सांगायचे आहे.

हे काम होऊ शकते याची उदाहरणेही आहेत. बुरहानपूरहून फार दूर नसलेल्या मेळघाटात लसीविषयी मोठी भीती होती. तिथे २०२१ साली कोरकू भाषेत छोट्या फिती तयार करून दाखवल्या गेल्या. आपल्या बोलीत, आपल्यासारख्याच माणसांच्या तोंडून ऐकल्यावर लोकांची भीती कमी झाली आणि गावे लसीकरणाला पुढे आली. माहिती तीच होती, जी शहरातल्या फलकांवर आधीपासून लागलेली होती. बदलला तो सांगणारा आवाज.

आणि हाच आमच्या म्हणण्याचा मुख्य मुद्दा आहे. मंडळी हा असा ओळखीचा आवाज आहे. पाळकसाहेबांनी घोषणा केली, भगिनी मंडळातल्या मावशींनी घरी येऊन सांगितले, तर ते ऐकले जाते. हा विश्वास आपण कमावलेला नाही. मागच्या पिढ्यांतल्या सेवक-सेविकांनी, दवाखान्यांतल्या परिचारिकांनी, शाळांतल्या शिक्षकांनी तो मिळवून आपल्या हाती दिला आहे. आपण गप्प राहिलो तरी आपल्या गप्प राहण्याचा अर्थ लोक लावतातच. 'चर्चमध्ये तर काही सांगितले नाही, म्हणजे विशेष काही नसावे.'

मग करावे काय? पुढची साथ केव्हा येईल हे कोणी जाणत नाही. डेंग्यू तर दर पावसाळ्याला येतोच. म्हणून आताच, शांत दिवसांत, प्रत्येक मंडळीच्या पंचांनी काही गोष्टी ठरवून ठेवाव्यात असे आम्ही सुचवतो.

आरोग्याची कोणतीही सूचना वाचण्याआधी ती दोन स्वतंत्र ठिकाणांहून पडताळावी. जिल्हा आरोग्य कार्यालयाचा आदेश आणि आपल्या ओळखीचा डॉक्टर, असे दोन. अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायात दोन किंवा तीन साक्षीदारांच्या तोंडून गोष्ट शाबीत व्हावी असे आहे. इथे एक लक्षात ठेवावे. एकच संदेश दहा गटांतून आला तर ते दहा साक्षीदार होत नाहीत. तो एकच साक्षीदार, आणि तोही बहुधा निनावी.

सूचना बदलली, तर पुढच्या रविवारी त्याच जागेवरून तितक्याच मोठ्याने 'हे बदलले आहे' असे सांगावे. यात पाळकांचा किंवा मंडळीचा कमीपणा नाही.

ज्यांच्याकडे फोन नाही अशा म्हाताऱ्या माणसांची यादी असावी आणि त्यांच्या घरी कोणी जायचे हे आधी ठरलेले असावे.

प्रार्थना करून बरे झाल्याची साक्ष जरूर द्यावी, पण तिच्यासोबत 'औषध सोडा' असा सल्ला कोणी देऊ नये. लूक स्वतः वैद्य होता (कलस्सै ४:१४) आणि प्रेषितांच्या हातून झालेले चमत्कार त्यानेच लिहून ठेवले. त्याला या दोन्हींत विरोध दिसला नाही. आपले शुभवर्तमान लिहिताना त्याने पहिल्याच चार वचनांत सांगून ठेवले आहे, की ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले त्यांच्याकडून आलेल्या गोष्टींचा मुळापासून शोध करून तो लिहीत आहे. देवाच्या पुत्राची वार्ता सांगतानाही ज्याने शोध केला, त्याचे वाचक आपण आहोत.

आणि शेवटची, सर्वांत नाजूक गोष्ट. प्रार्थना-विनंतीच्या गटावर आजाऱ्याचे नाव, रोग आणि पत्ता त्याला न विचारता टाकू नये. हेतू चांगला असतो, पण संध्याकाळपर्यंत ती बातमी गल्लीभर होते. कोरोनाच्या काळात रोग्यांच्या दारावर चिकटवलेल्या कागदांमुळे शेजारी कसे वागू लागले, हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. ९ डिसेंबर २०२० रोजी न्यायालयाने सांगितले, की सक्षम अधिकाऱ्याचा तसा आदेश असल्याखेरीज असे कागद लावू नयेत. मागावर रोजंदारीने काम करणाऱ्या भावाचे नाव बाहेर पडले तर त्याची रोजी जाते. मग पुढच्या वेळी तो ना डॉक्टरला सांगतो, ना पाळकांना. घराची तपासणी होण्याआधी सामान बाहेर काढू देणाऱ्या देवाचे आपण लोक आहोत. आजाऱ्याचे झाकावे, त्याच्या घरी आधी धान्य पोहोचवावे, मग त्याला धीर देऊन दवाखान्यात न्यावे.

यातले काहीही अवघड नाही आणि कशालाही पैसा लागत नाही. लागतो तो थोडा धीर. संदेश पुढे ढकलण्याआधी थांबण्याचा, आणि 'मला ठाऊक नाही, विचारून सांगतो' असे म्हणण्याचा. आपला प्रभू स्वतःला सत्य म्हणवतो. त्याच्या नावाने ओळखली जाणारी माणसे साध्या तापाखोकल्याच्या बाबतीतही खरे तेच बोलतात, अशी आपली ओळख गावात झाली, तर ती शुभवर्तमानाची केवढी मोठी साक्ष होईल! जो माणूस आपले रोगाविषयीचे बोलणे खरे निघालेले पाहतो, तो एखाद्या दिवशी तारणाविषयीचे बोलणेही ऐकायला थांबेल.

प्रार्थना करू या. हे देवबापा, आमच्या जिभेवर आणि आमच्या बोटांवर पहारा ठेव. ऐकण्याआधी बोलण्याची आमची घाई दूर कर. ज्यांनी साथीत आपली माणसे गमावली त्यांचे सांत्वन कर. डॉक्टर, परिचारिका आणि आशाताई यांना बळ दे. आमच्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष आमच्या तोंडून कधी निघू देऊ नकोस, आणि संकट येताना दिसले तर वेळेवर सांगण्याचे धैर्य आम्हांला दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.